साखरेच्या तागडीत बाळ

माझ्या धाकट्या भावाचे कान टोचले तेव्हा मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. नेकनूरला आमच्या ओसरीवर पोतं अंथरून सोनार बसला होता. भाऊ अजून पाळण्यातला. आत्याने त्याला मांडीवर घेतलं, बोटाच्या टोकावर ओला गूळ घेतला आणि त्याच्या जिभेवर ठेवला. सोनाराने तार कानातून आरपार ओवली. भावाने चेहरा आक्रसला, एकदा कण्हल्यासारखं केलं आणि पुन्हा बोट चोखायला लागला.

सोनार म्हणाला, हात हलका लागतो. आई म्हणाली, देवीची कृपा. आत्या म्हणाली, गुळाचा गुण. श्रेय घ्यायला इतकी माणसं पुढे आलेली पाहून मी विचारलं, "सुई कानाला अन् गूळ जिभेला. मग कानाला कसं कळतं गूळ मिळाला म्हणून?"

"तुझी जीभ गप राहत न्हाई, म्हणून तुझ्या कानाला काईच कळत न्हाई," आत्या म्हणाली. सगळे हसले आणि प्रश्न तिथेच राहिला.

पुढे मी डॉक्टर झाले आणि अंबाजोगाईला भूलशास्त्र शिकायला लागले. गावाकडे हे समजावून सांगणं अवघड होतं. "म्हंजी आपरेशन तू करत न्हाईस?" चुलते विचारत. "न्हाई, मी झोपवते." "एवढ्यासाठी इतकं शिकायचं? आपल्या घरातल्या सगळ्या बाया तेच करतेत की." भूल देणाऱ्याचं काम नीट झालं तर काही घडत नाही, आणि काही न घडण्याबद्दल कुणाचा सत्कार होत नाही.

मला लहान मुलांचं कुतूहल वाटायला लागलं ते एका साध्या हिशेबातून. मोठ्या माणसाचं औषध वजनाच्या प्रमाणात कमी केलं की मुलाचं औषध तयार होतं, असं मला वाटायचं. तसं होत नाही. तान्ह्या बाळाच्या अंगात पाण्याचा वाटा मोठ्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून काही औषधं त्याच्या अंगात जास्त पातळ होतात आणि वजनाच्या मानाने थोडी जास्तच लागतात. पण त्याचं यकृत आणि मूत्रपिंड अजून कामाला लागलेली नसतात. एकदा आत गेलेलं औषध बाहेर काढायला ती सरकारी कचेरीइतका वेळ घेतात. म्हणून दुसरा डोस देताना हात आखडावा लागतो. अफूच्या जातीची वेदनाशामकं तर फारच जपून द्यायची, कारण त्यांच्या गुंगीत अगदी लहान बाळ श्वास घ्यायचंच विसरू शकतं. हुंगायच्या औषधांची आणखी वेगळी तऱ्हा. बाळ भरभर श्वास घेतं, त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर झोपतं. पण काही महिन्यांच्या बाळाला झोपलेलं ठेवायला हवेत औषधाचं प्रमाण तालमीतल्या पैलवानापेक्षा जास्त ठेवावं लागतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून छपाईची चूक तर नाही ना, ते पाहिलं होतं.

एका गोष्टीबद्दल मात्र त्या काळात सगळीकडे मोठी खात्री होती. अगदी लहान बाळांना दुखत नाही. त्यांच्या नसा कच्च्या असतात, रडतात ती सवयीने, आणि त्यांना पुढे काही आठवत नाही. हे इतक्या शांतपणे सांगितलं जाई की कुणी विचारायला धजत नसे. मी मात्र बाळांच्या छातीवर स्टेथोस्कोपची नळी लावून बसायचे. नुसती सुई टोचली तरी आतली धडधड घोडं उधळल्यासारखी व्हायची. ज्याला दुखत नाही त्याचं काळीज कशासाठी पळतं, हा प्रश्न मला त्या गुळाच्या प्रश्नाचाच भाऊ वाटायचा.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे दुष्काळ पाहुण्यासारखा येत नसे, भाडेकरूसारखा राहत असे. अशाच एका वर्षी एका सहकारी साखर कारखान्यावर मुलांच्या मोफत शस्त्रक्रियांचं दोन दिवसांचं शिबिर ठरलं. गळीत हंगामाची पहिली मोळी टाकायचा आणि शिबिराच्या उद्घाटनाचा मुहूर्त एकच होता. त्या वर्षी ऊस इतका कमी की कारखाना काही आठवड्यांत बंद पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. मांडव मात्र मागच्या वर्षीपेक्षा मोठा होता. कमानीवर सहकाराची थोरवी सांगणारी चार वाक्यं होती, आणि कमानीखाली पाण्याच्या टँकरसमोर घागरींची रांग होती. घागरीवाल्या बाया वर वाचत नव्हत्या.

अंबाजोगाईहून जीपने आम्ही दोघंच आलो, शल्यचिकित्सक सर आणि मी. बाकी कारखान्याच्या दवाखान्यातली एक सिस्टर होती. दारातल्या स्वयंसेवकाने सरांना हार घातला आणि मला विचारलं, "सिस्टर, सायबांची बॅग कुटं ठेवू?" खऱ्या सिस्टरने तोंडावर पदर घेतला.

सकाळी तपासताना मी त्या बाळाला पहिल्यांदा पाहिलं. दोन-अडीच महिन्यांचा मुलगा, जांघेत लिंबाएवढी गाठ. तो रडला की आतड्याचा तुकडा तिथे उतरायचा आणि गाठ फुगायची. दाबली की आत जायची. मागच्या आठवड्यात ती आत जाईना झाली होती, तेव्हा आईबापांनी त्याला घेऊन बीड गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी ती कशीबशी सरकवली आणि लवकर ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. आतडं एकदा अडकून बसलं की त्याचा रक्तपुरवठा थांबतो, आणि मग इतक्या लहान बाळाच्या हातात फार वेळ नसतो.

आईबाप ऊसतोड करणारे. जिल्ह्यातला ऊस वाळलेला, त्यामुळे त्यांची टोळी पार पश्चिमेकडच्या कारखान्याला निघाली होती. मुकादमाचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होता. एकदा उसाच्या फडात गेलं की उन्हाळ्यापर्यंत परत येणं नाही, आणि फडाजवळ कुठला आलाय सर्जन.

"तू एकटी मागं राहा की याला घेऊन," मी त्या आईला म्हणाले. ती माझ्याहून लहानच असेल.

"मी ऱ्हायले तर ह्यांच्या संगं मोळ्या कोन बांधील बाई? जोडीनंच कोयता धरला जातो. येकट्याला मुकादम नेत न्हाई." मग तिने बाळाच्या गाठीवर हलकेच हात ठेवला. "आज झालं तर झालं. न्हाई तर फडात काय व्हईल ते व्हईल."

मी तिला सांगितलं की पहाटे पाजलंस तेवढं बास, आता ऑपरेशन होईपर्यंत काही नाही, पाणीसुद्धा नाही. भूल दिली की गळ्याची राखण सुटते. पोटात काही असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. तिने मान डोलावली. बाकीच्या मुलांच्या आयांनाही मी हेच सांगितलं.

पण चेअरमनसाहेब आल्याशिवाय फीत कापता येईना, आणि फीत कापल्याशिवाय ऑपरेशन थिएटरचं दार उघडायचं नाही असं व्यवस्थापकांनी ठरवलं होतं. साहेब यायला दुपार झाली. तोवर व्हरांड्यात उपाशी मुलांचा असा गलका झाला की सनईवाल्याने सनई खाली ठेवली. मी व्यवस्थापकांना म्हणाले, "दार उघडा, फीत नंतर कापा." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "म्याडम, फित नंतर कशी कापतेत?"

शेवटी गाड्या आल्या. मोळी पडली, नारळ फुटले, शाली वाटल्या गेल्या, सत्काराला उत्तरं झाली. मी आत साहित्य मांडत होते. बाहेर ध्वनिक्षेपकावर साहेब म्हणत होते, "आपल्या कारखान्यावरनं कुनी कोरड्या तोंडानं जाता कामा न्हाई." हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं, पण भाषणं ऐकायची माझी सवय सुटलेली होती.

बाहेर आले तर व्हरांड्यात रसाच्या कॅना फिरत होत्या. आमच्या भागात मोळी पडली की रस वाटतात, आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. पाण्याला टँकरची वाट पाहावी लागत होती, पण फाटकावरच्या रसवंतीत रस हवा तितका होता. स्वयंसेवकांनी प्रत्येक मुलाच्या हातात ग्लास दिला होता. एक पोरगं ग्लास उलटा करून तळाचा थेंब जिभेवर पाडत होतं.

"याला पण पाजला?" मी त्या आईला विचारलं.

तिचा चेहरा उतरला. "मी न्हाई पाजला बाई. सायबांनी सवता पाजला. फोटू काढायचा व्हता. मी न्हाई कसं म्हनू?"

"किती?"

"दोन चमचं." तिने बाळाचं तोंड पदराने पुसलं. "मग फोटू नीट आला न्हाई म्हून आनखी दोन."

बाळ तिच्या खांद्यावर शांत पडलं होतं. सकाळपासून पहिल्यांदाच ते रडत नव्हतं.

मोठ्या मुलांचं सोपं होतं. शिबिर दोन दिवसांचं होतं. त्यांना उद्यावर टाकलं. या बाळाला उद्या नव्हता. मी सरांकडे गेले. ते हात धुवायच्या तयारीत होते.

"चार चमचे रस!" सर म्हणाले. "अगं, एवढा तर याने ओकूनही टाकला असेल. आणि इतक्या लहानाला भूल हवीच कशाला? सिस्टर पाय धरेल, तू हात धर. हा हा म्हणता मोकळा करतो. आम्ही असंच करत आलोय."

"सर, त्याला दुखेल."

"त्यांना कळत नाही."

"हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"आमच्या सरांनी."

"आणि त्यांना?"

सरांनी हातातला साबण खाली ठेवला. "तू चहा घेतलास का?" ते म्हणाले.

सर वाईट नव्हते. त्यांचा हात फार चांगला होता आणि त्या हाताने त्यांनी कितीतरी मुलं वाचवली होती. पण हात चांगला असला की माणसाला आपल्या कानांचीही खात्री वाटायला लागते. चहा झाल्यावर त्यांनीच विचारलं, "बरं, तुझं म्हणणं काय?"

माझं म्हणणं असं होतं की आणखी थांबू. रस दुधापेक्षा लवकर पोटातून पुढे सरकतो, पण किती लवकर हे माझ्या पुस्तकात नव्हतं. तिथे उपाशी ठेवा एवढंच लिहिलेलं होतं. उन्हं उतरेपर्यंत थांबलो तर बरंच खाली गेलेलं असेल. आणि तरीही त्याला पूर्ण झोपवायचं नाही. माकडहाडाच्या वर बारीक फट असते, तिथून बधिर करणारं औषध सोडलं की बाळाचं कमरेखालचं अंग बधिर होतं. मोठ्या माणसात ही फट सापडणं कटकटीचं, बाळात ती बोटाला सहज लागते. लहानांच्या नसांवरचं आवरणही अजून पातळ असतं, त्यामुळे सौम्य औषधही लगेच भिनतं. बाळ जागं राहील, श्वास त्याचा तो घेईल, गळ्याची राखण सुटणार नाही. रात्री श्वासावर पहारा ठेवायला या दवाखान्यात कुणी नव्हतं, तोही प्रश्न मिटेल.

"जागं मूल हलतं," सर म्हणाले.

"कमरेखाली हलणार नाही."

"आणि वर?"

"वरचं मी बघते."

"बघ मग. रडलं, आतडं खाली उतरलं, तर मी थांबणार नाही. त्याला धरून उरकणार." हा सौदा होता. मी मान्य केला.

आता वजन हवं होतं. बधिर करणारं औषध बाळाला थोडं जरी जास्त झालं तरी झटके येऊ शकतात, काळीज थांबू शकतं; आणि पोटच्या पोराचं वजन आईबाप अंदाजाने सांगतात तो अंदाज मायेचा असतो. कारखान्यावर उसाची गाडी मोजायचा काटा होता, बाळ मोजायचा नव्हता. शेवटी आम्ही फाटकाजवळच्या सहकारी ग्राहक भांडारात गेलो. तिथे साखर तोलायची पितळी तागडी होती. दुकानदाराने ती पुसून घेतली, पण कडेला साखरेचे कण राहिलेच. आम्ही तिच्यात जुन्या लुगड्याचं धडपं अंथरलं आणि बाळाला ठेवलं. ते छताकडे पाहत पाय झाडायला लागलं आणि काटा नाचायला लागला.

बाप दारात उभा होता. दिवसभरात तो पहिल्यांदाच बोलला. "उसाचा काटा मारतेत ते मारतेत. लेकराचा मारू नका म्हंजी झालं."

दुकानदार तापला. "ए बे, माझा काटा सरकारी शिक्क्याचा हाय."

"समद्यांचाच असतो."

त्या बोलण्याने माझे कान टवकारले. मी वजनं दुसऱ्या पारड्यात टाकून, मग पारडी बदलून पाहिली. तागडी जरा झुकती निघाली, अर्थात दुकानाच्या बाजूने. दोन्हीकडून तोलून मधला आकडा धरला आणि औषध काढताना तोही जरा कमीच धरला. दुकानदार त्यानंतर माझ्याशी बोलला नाही.

उन्हं कलली. थिएटरमध्ये टेबलावर मी कापसाची गादी केली आणि बाळाला कापसातच गुंडाळलं, कारण इतकं लहान बाळ फार पटकन गार पडतं. छातीवर नळी चिकटवली, तिचं दुसरं टोक माझ्या कानात. श्वास द्यायची पिशवी आणि नळ्या हाताशी ठेवल्या. आई आत यायला नको, असं सिस्टरचं मत होतं. मी तिला टोपी आणि मास्क बांधून बाळाच्या डोक्याशी उभं केलं.

आता खरी अडचण सुईची होती. औषध भिनल्यावर दुखणार नव्हतं, पण औषध आत जाईपर्यंत टोचणार होतं, आणि तो रडला की गाठ फुगणार. तेव्हा मला ओसरीवरची आत्या आठवली. मी सिस्टरला कँटीनमधून साखर आणायला सांगितली, उकळून गार केलेल्या पाण्यात ती विरघळवली, गॉजच्या तुकड्याला पीळ देऊन त्याचं टोक त्यात बुडवलं आणि पिळून आईच्या हातात दिलं. "नुसतं ओलं टोक चोखू दे. हातातून सोडू नको."

ती माझ्याकडे आणि गॉजकडे आळीपाळीने पाहायला लागली. "बाई, साखरंनं भूल देता काय?"

"नाही, भूल या सुईत आहे. साखर सुईपुरती."

"मग सुईला साखर लावायची का?" ती म्हणाली. मास्कच्या आत सर हसले.

बाळ कुशीवर होतं, गुडघे पोटाशी. त्याने गॉज धरलं आणि ओढायला लागलं. मी फट शोधली. सुई गेली. त्याने चेहरा आक्रसला, एकदा आवाज काढला, नळीत धडधड चढली. मी ऐकत राहिले. मग ते पुन्हा चोखायला लागलं आणि धडधड उतरली. गाठ होती तेवढीच होती. मी थेंब थेंब औषध सोडलं.

मला तेव्हा ते टेबल सोडून दुसऱ्या एखाद्या बाळावर साखरेशिवाय हेच करून पाहावंसं वाटलं, इतकं कुतूहल होतं. अर्थात असं करायचं नसतं. साखरेने दुखणं कमी झालं, की दुखलं तेवढंच पण चोखायच्या नादात ते रडलं नाही? धडधड उतरली ती साखरेने, आईच्या वासाने, की सुई थांबली म्हणून? पुढे वाचनात आलं की गोड चव लागली की बाळाच्या मेंदूत त्याचंच स्वतःचं अफूसारखं द्रव्य सुटत असावं. काहींना ते पटलं आणि काहींनी माझाच प्रश्न विचारला. मला विचारणारे जास्त आवडले.

जरा वेळाने मी बाळाच्या मांडीला चिमटा घेतला. त्याने लक्षही दिलं नाही. हाताला घेतला तर हात ओढून घेतला आणि माझ्याकडे नाराजीने पाहिलं. मी सरांना मान हलवून सांगितलं.

सर कामाला लागले. कमरेखालून मेंदूकडे निरोप येणं बंद झालं की बाळं पेंगायला लागतात, हे मी वाचलं होतं. त्या दिवशी पाहिलं. दिव्याकडे बघता बघता त्याच्या पापण्या जड झाल्या. झोपेचं एकही औषध न देता ते तोंडात गॉज धरून झोपलं. आई त्याच्या कपाळाला कपाळ लावून वाकली होती. पोटाच्या खाली काय चाललंय हे तिने एकदाही पाहिलं नाही. आतडं आत गेलं, वाट शिवली गेली. शेवटचा टाका घालून सर म्हणाले, "औषध किती वेळ टिकतं हे?"

"रात्री उतरेल. त्याआधीच दुखण्यावर तापाच्या औषधाचे थेंब सुरू करते, वजनावर. उतरल्यावर सुरू केलं तर उशीर होतो."

"हं," सर म्हणाले. पुढच्या दिवशीच्या प्रत्येक मुलाच्या वेळी त्यांनी सुरी उचलायच्या आधी मला विचारलं, "याला कळतंय का गं?" कौतुकाचा तेवढा प्रकार त्यांच्याकडे होता.

संध्याकाळच्या सभेत चेअरमनसाहेबांच्या कानावर हकीकत गेली. ध्वनिक्षेपक पुन्हा खाकरला. "मित्रांनो, परदेशात लाखाची मशीनं लागतेत. आपल्या कारखान्याच्या साखरंनं आज लेकराला भूल देऊन आपरेशन झालं!" टाळ्या पडल्या. कारखान्याची साखर अजून पोत्यात पडायची होती. पहिली मोळी दुपारीच गेलेली. कँटीनमधल्या पोत्यावर भलत्याच जिल्ह्यातल्या कारखान्याचा शिक्का होता. सिस्टरने तो मला दाखवला आणि आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी ट्रक फाटकापाशी उभा होता. वर संसार चढवलेला, त्यावर माणसं. बाळ रडत होतं. बापाने माझ्याकडे पाहिलं, मुकादमाने घड्याळाकडे.

"एक दिवस राहू दे यांना," मी मुकादमाला म्हणाले.

"बाई, ट्रक भाड्याचा हाय. आन् सायबांनी तर काल सांगितलं, लेकरू ठणठणीत हाय म्हून."

"साहेबांनी तपासलं का?"

"तुमी तपासा की मग. कावून हुबं केलंय आमाला?"

मी ट्रकच्या फाळक्यावरच त्याचं लंगोट सोडलं. पट्टी कोरडी. पोट मऊ. जखमेच्या कडेने बोट फिरवलं तर रडं वाढलं नाही. ओठाच्या कडेला बोट लावलं तर तोंड तिकडे वळलं. आई माझा चेहरा वाचत होती.

"भुकंचं हाय बाई," ती म्हणाली. "दुखायचं येगळं असतं."

"मलाही तसंच वाटतंय. पाज बघू."

तिने पदराआड घेतलं. रडणं तुटलं. मी तिला थेंबांची बाटली दिली, किती आणि केव्हा ते तिच्याकडून वदवून घेतलं, आणि बजावलं की जखम लाल झाली किंवा तो पाजलेलं उलटायला लागला तर साखर चाटवत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. मुकादमाला म्हणाले की मायलेकरं वर बसणार नाहीत, ड्रायव्हरशेजारी बसतील. तो कुरकुरला, पण कालच्या भाषणानंतर हे बाळ कारखान्याची मालमत्ता झालं होतं. त्याने केबिनमधून आपली पिशवी उचलली आणि स्वतः वर चढला. भाषणाचा एवढा उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता.

उन्हाळ्यात एकदा अंबाजोगाईला बाह्यरुग्ण विभागात ती आली. काखेत गुटगुटीत पोर. नेकनूरच्या बाजूने यष्टीने आली होती, आजारपण काही नव्हतं. "दावायला आन्लाय," म्हणाली. जांघेत एक रेघ राहिली होती, तीही शोधावी लागली. मग माझं लक्ष त्याच्या कानांकडे गेलं. दोन्ही कानांत नवी तार होती.

"टोचताना गूळ लावलास का जिभेला?" मी विचारलं.

"लावला की. तुमची सय काढून मूठभर लावला." ती हसायला लागली. "तरी अस्सा बोंबलला बाई, सोनार उठून पळाला. आता तुमची साखर चालत न्हाई याला."

पोराने माझ्या गळ्यातली नळी पकडली आणि तोंडात घातली. आता वाढत्या वयात गुळाचा गुण का उतरतो, हे मी तिला विचारणार होते, तेवढ्यात तिने बाळाच्या हातातून नळी सोडवू पाहत मलाच विचारलं, "कावून हो बाई? तवा कसं चाललं मग?"

"अजून कळलं नाही," मी म्हणाले आणि त्याचं काळीज ऐकायला नळी परत मागितली. त्याने ती दिली नाही.